दोन वैशाख आधीचे लग्न

जर्मन सरकारने माझ्या आईला फसवले. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी ती हजारो मैलांवर असताना, तिला न विचारता तिचे नागरिकत्व काढून घेतले. दुसऱ्या वेळी ती ते परत मागायला गेली, तेव्हा तिला सांगितले की आम्ही काही काढून घेतलेच नाही. या दुसऱ्या वेळी त्यांना माझ्या आत्याची मदत झाली आणि माझीही झाली. आत्याला ते मरेपर्यंत कळले नाही. मला त्याच दिवशी कळले.

आईचे माहेरचे नाव एल्झे. ती ज्यू होती. एकोणिसाव्या वर्षी तिच्या आईवडिलांनी तिला एकटीला बोटीवर बसवले आणि मुंबईला पाठवले. तिथे त्यांच्या ओळखीच्या एका जर्मन ज्यू डॉक्टरांचा दवाखाना होता. आईवडील मागाहून येणार होते. ते आले नाहीत आणि पुढे कोणाला दिसलेही नाहीत. त्या दवाखान्यात माझे बाबा कंपाउंडर होते. युद्ध सुरू झाल्यावर डॉक्टरांना, जर्मन म्हणून, छावणीत नेऊन ठेवले. दवाखान्याला कुलूप लागले. बाबा महाडला परत आले, बाजारपेठेत औषधांचे छोटे दुकान काढले, आणि एका दिवाळीला त्या पोरक्या मुलीलाही घेऊन आले, कारण मुंबईत तिला ठेवून घेणारे कोणी उरले नव्हते. घरात बाबांची विधवा थोरली बहीण होती. तीच माझी आत्या. तिने दारात उभ्या असलेल्या त्या गोऱ्या मुलीकडे बघितले आणि बाबांना विचारले, "जेवलीय काय रे ही?" एवढीच चौकशी झाली.

आमचे घर म्हणजे खाली दुकान आणि वर तीन खोल्या. पावसाळ्यात सावित्री बाजारात यायची, म्हणून महत्त्वाचे जे काही असेल ते वरच्या माळ्यावर. माझे सगळे बालपण त्या घराच्या आवाजात भरलेले आहे. खाली बाबांचा खल, बाटल्यांचे एकमेकींना लागणे, पायऱ्यांवर बसून औषधाची वाट बघणाऱ्यांचे खोकले. वर आत्याचा पाटा आणि तिची अखंड चाललेली बडबड. आई बडबडत नसे. पण ती बोलू लागली की नवा माणूस थक्क व्हायचा. तिला मराठी शिकवले आत्याने, आणि आत्याची बोली तिच्या सासरची, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीची. त्यामुळे बाबा शाळामास्तरासारखे शुद्ध बोलायचे आणि निळ्या डोळ्यांची माझी आई कोळणीशी घासाघीस करताना म्हणायची, "नाय गो बाय, एवढ्याला नाय परवडत. कालचं म्हावरं हाय ते, वास येतोय बघ." मी घासाघीस तिथेच शिकले. पुढे मुंबईच्या भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी घाम फोडला. त्यातला एकही त्या कोळणीइतका चिवट नव्हता.

दर शुक्रवारी दिवेलागणीला आई दोन दिवे लावायची आणि हात डोळ्यांवर धरून काहीतरी पुटपुटायची. आत्याने पहिल्या शुक्रवारी ते बघितले, दुसऱ्या शुक्रवारी त्या दिव्यांना हळदकुंकू वाहिले, आणि तेव्हापासून ते आमच्या घरचे व्रत झाले. जेवणातही तसेच. वालाचे बिरडे आई आत्यासारखेच करायची, म्हणजे नखांनी एकेक वाल सोलून. आणि कच्चा बटाटा किसून आई जे तळायची त्याला आत्या 'बटाट्याचं घावन' म्हणायची. त्यावर आई करवंदाचा घट्ट गोड पाक वाढायची. जाम हा शब्द आम्हाला बाटलीवर वाचून नंतर कळला. आज पोलादपूरच्या फाट्यावर माझे जे दुकान आहे, जिथे महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबतात आणि लोक डझनाने बाटल्या नेतात, ते त्या पाकावर उभे आहे. लोक विचारतात, ही कृती कुठली. मी सांगते, आमच्या घरची.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा आईला मुंबईहून पत्र आले. तिच्यासारखीच जर्मनीहून आलेली एक बाई तिथे शिकवण्या करायची. तिने लिहिले होते की ज्यांचे नागरिकत्व त्या वेळी ज्यू म्हणून काढून घेतले, त्यांनी अर्ज केला तर ते परत मिळते, असा कायदा झालेला आहे. सोबत छापील अर्ज होता. युद्ध चालू असताना एका नोव्हेंबरात तिकडे हुकूम निघाला होता की परदेशात राहणारा ज्यू हा यापुढे जर्मन नाही. तो निघाला त्या दिवशी आई महाडमध्ये ओट्यावर बसून वाल सोलत असणार, कारण आमच्याकडे त्या दिवसांत दुसरे काय करतात? तिला ते कित्येक महिन्यांनी कळले होते.

आईने अर्ज आठ दिवस उशाशी ठेवला. आत्याची झोप उडाली.

"जाशील काय गो तिकडं?" शेवटी तिने विचारलेच.

"कोणाकडं जाऊ, वन्सं? हाय कोण तिकडं?"

"मंग कागद कशाला हवा?"

आई म्हणाली, "माझं होतं ते. न इचारता काढून घेतलं. आता देतायत तर हातात घेईन, आनि मंग ठेवीन माळ्यावर."

आत्याला हे पटले. आपली वस्तू आपल्याकडे असावी, यात तिला काही चुकीचे वाटले नाही. अर्जाला लग्नाचा पुरावा लागत होता. त्या काळी आमच्याकडे लग्नाची नोंद कोण करत होते? बाबांनी ठरवले की वाडीच्या पोलीसपाटलाचा दाखला घ्यायचा, कारण लग्न आत्याच्या सासरी, त्या वाडीत लागले होते. महाडमध्ये चर्चा नको म्हणून आत्यानेच ते तिथे लावले होते. वैशाखात, मांडवाखाली, सगळे यथासांग. बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिले, 'इंदिरा', आणि एल्झेची इंदू झाली. दाखला आणायला आत्या निघाली आणि लिहायला मी बरोबर गेले. पाटलांचे अक्षर त्यांना स्वतःलाही लागायचे नाही.

पोलादपूरला एसटीतून उतरून दोन तास चढ. वर पाटलांच्या अंगणात म्हशी, शेण आणि ताक असा मिसळलेला वास. पाटलांनी आम्हाला नाचणीची भाकरी वाढली आणि मग शिक्क्याची डबी काढली. मी कागदावर मजकूर लिहिला आणि साल विचारले. आत्या म्हणाली, "तुमचा थोरला बैल दरीत पडला, त्या साली. वैशाखात."

पाटील पान चावता चावता थांबले. "नाय वो आक्का. बैल आधी पडला. लगीन त्याच्या मागनं दोन वर्सांनी. मी जेवलोय की लग्नात."

"जेवला असशील. बैलाच्याच साली जेवलास."

"अहो, बैल पडला तवा ही बाई आपल्या मुलखात तरी होती काय?"

"होती, मुंबईत. तुला काय ठाऊक?"

दोघे अडून बसले. मला अंधाराआधी खाली उतरायचे होते, आणि खरे सांगायचे तर कोणी समोर अडून बसले की माझ्या अंगात काहीतरी संचारते. ते आजही संचारते. मी म्हटले, "पाटीलकाका, बैल तुमचा. त्याची आठवण तुमची खरी. पण लग्न आत्याच्या भावाचं. त्याची आठवण तिची खरी मानायला नको? का सही करायला भीती वाटते? तसं सांगा, आम्ही तहसीलदारांकडून घेऊ."

"भितोय कोण," पाटील म्हणाले, आणि त्यांनी बैलाचे साल सांगितले. मी ते लिहिताच माझ्यापुढून कागद ओढून त्यांनी शिक्का मारला. आत्याने साक्षीदार म्हणून अंगठा उठवला. उतरताना ती वाटभर माझे कौतुक करत होती. "वकील व्हशील गो तू." मी फुगले होते. आत्याची आठवण चुकली असेल असे मला वाटले होते, पण तिची आठवण कधीच चुकत नव्हती. आई लग्नाआधी दीड वर्ष आमच्या घरात राहिली होती. भावाच्या घरात बिनलग्नाची बाई दीड वर्ष होती, हे सरकारी कागदावर, तेही परमुलखात, कोणी वाचावे हे आत्याला सहन होणार नव्हते. म्हणून तिने लग्न दोन वैशाख मागे नेले. आईने महाडमध्ये पाऊल टाकले त्याच्याही आधी.

बाबांनी दाखला वाचला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि घडी घालून पाकिटात ठेवला. शाळेतल्या मास्तरांकडून त्याचे इंग्रजी करून घेतले. एक शब्द बोलले नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी मी भांडून विचारले तेव्हा म्हणाले, "दोन वर्षांनी काय बिघडतंय, असं वाटलं गं. ताईचं मन राखलं." माझे बाबा भले होते. भल्या माणसांवर माझा म्हणूनच विश्वास नाही. ती गप्प बसतात.

मुंबईत जर्मन वकिलातीच्या कचेरीत आई आणि मी गेलो. आईने लग्नातली नऊवारी नेसली होती, जांभळी, आणि केसांत अबोलीचा वळेसर. टेबलामागचा जर्मन माणूस तरुण होता, नीटनेटका आणि वागायला सभ्य. त्याने उठून खुर्ची दिली. आई जर्मन बोलू लागली. मी तिला ती भाषा मोठ्याने बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. आधी अडखळत, मग भरभर, आणि मध्येच एकदा तिच्या तोंडून 'हाय ना' निघून गेले. तो माणूस हसला, आईही हसली. सगळे छान चालले होते. मग त्याने मास्तरांचे इंग्रजी वाचले आणि माझ्याकडे बघत इंग्रजीत बोलू लागला, सावकाश, मला कळेल असे.

म्हणाला, कायदा असा होता की जर्मन बाईने परदेशी माणसाशी लग्न केले की त्या दिवशी तिचे नागरिकत्व संपते. तुमच्या आईचे लग्न त्या हुकमाच्या आधीचे आहे. म्हणजे हुकूम निघाला तेव्हा त्या जर्मन नव्हत्याच. मग त्यांच्याकडून काही काढून घेतले गेले असे म्हणता येत नाही. आणि काढून घेतले नाही ते परत कसे देणार?

आईने हात पुढे करून दाखला मागितला. मराठी कागद तिला सावकाश लागायचा. तिने माझे अक्षर बघितले, शिक्का बघितला, खालचा जांभळा अंगठा बघितला. त्या अंगठ्यावर तिने बोट ठेवले. तो माणूस म्हणाला, "ही तारीख बरोबर आहे का? चुकली असेल तर आत्ता सांगा."

त्याने दार उघडून धरले होते, हे मी कबूल करते. आईने फक्त 'चुकली आहे' म्हणायचे होते. मला तेव्हा सगळे उमगले. खरे लग्न त्या हुकमानंतरच्या वैशाखातले होते. पाटलांचा बैल डोळ्यांपुढे दरीत पडला आणि त्यामागून मीही पडले. मी आईचा पदर ओढला. "आई, सांग ना. चुकली आहे. पाटीलकाका सांगत होते."

"गप बस गो," आई म्हणाली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, तारीख बरोबर आहे.

मला गप्प बसणे कधी जमलेले नाही. मी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि मला येत होते त्या इंग्रजीत म्हटले, "साहेब, एक वर्ष तुम्ही सोडा, एक वर्ष आम्ही सोडतो." तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या देशात तारखेचा भाव होत नसणार. आमच्याकडे तो एकदा झाला होता, आणि मीच जिंकले होते. आईने माझ्या दंडाला धरून मला उठवले. त्याने दारापर्यंत येऊन आम्हाला निरोप दिला, आणि महिन्याभराने तेच सगळे छापील कागदावर पाठवले. तो कागद आणि त्यासोबत परत आलेला दाखला मी एका डब्यात जपून ठेवले आहेत. महाडच्या घरात पुराचे पाणी माळ्याला लागले तेव्हा मी बाकीचे सोडून आधी तो डबा वाचवला.

एसटीत मी दिवसभर रडत होते आणि चिडत होते. आईने माणगावला उतरून मला वडा खाऊ घातला. घरी आत्या दारात उभी होती. "झालं काय गो काम?"

"झालं, वन्सं," आई म्हणाली. "कागद चोख होता म्हणाले."

आत्याचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभे राहवेना. "व्हता म्हणजे काय. सुमीनं लिवला आनि मी अंगठा दिला." त्या रात्री जेवायला बटाट्याचे घावन होते. मी जेवले नाही. आईने दोनदा मागून घेतले.

चार दिवसांनी आई मला महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेली. आत्याच्या गुडघ्यांसाठी त्या दोघी नेहमी जायच्या, पण त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. आईने पातळ वर घेतले आणि पाय पाण्यात सोडले. मी धुमसत होते. म्हटले, "तू खोटं का बोललीस? तुझंच गेलं ना?"

तिने पाय पाण्यात आणखी खोल सोडले. मग म्हणाली, "त्यानं मला इचारलं, तुझ्या घरचा कागद खोटा हाय काय. मी काय सांगायचं होतं? लग्नाआधी दर आठवड्याला मला पोलिसात हजेरी होती. जर्मन म्हणून. तुझी आत्या दर खेपेला माझ्याबरोबर उन्हातनं चालत आली. फौजदार काय बोलला की ही पुढं व्हायची. दीड वर्स माझ्या शेजारी अंथरूण घातलं, का, तर कोणी माझं नाव घेऊ नये. तिच्या अंगठ्याला त्या पोरासमोर खोटा म्हणू?"

"मग त्यांना सोडून द्यायचं?"

"त्यांना सोडलंय असं कोण म्हणालं?" आई म्हणाली. "मी नाय सोडलं. मी फक्त वन्संना धरलं." मग तिने माझ्या अंगावर पाणी उडवले आणि विचारले, करवंदं पिकली असतील काय वर.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली आणि आनंदात जगली, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आत्या आणि ती करवंदांच्या मोसमात वाडीवर जायच्या, पाट्या भरून आणायच्या, आणि चुलीवर पाक ढवळताना दोघींचे हसणे रस्त्यावर ऐकू यायचे. पहिल्या बाटल्या मी फाट्यावर टोपलीत घेऊन विकल्या, मग टपरी टाकली, मग दुकान. आधी आत्या गेली, आईच्या मांडीवर. मग काही वर्षांनी आई. मला तक्रार करायला जागा नाही, एका गोष्टीशिवाय.

आता तिकडे नवा कायदा झाला आहे. आईकडून आलेले नातेही चालते, आणि लग्नामुळे गेले की हुकमाने गेले, याचा घोळ पूर्वीसारखा घालत नाहीत. माझी नात सायली नर्सिंग शिकली आहे. तिने संगणकावर हे शोधून काढले आणि अर्ज भरायला बसली. माझ्यासाठीही भर म्हणाली. मी नाही म्हटले. तिकडचे घेतले की इथले जाते, आणि माझे मत पोलादपूरला आहे. मला अजून तीन सरपंच पाडायचे आहेत. पण अर्जात पणजीच्या लग्नाची तारीख होती. सायली म्हणाली, "आजी, आता कुठलीही चालते. जुना दाखला जोडू?"

मी दोन दिवस विचार केला. मग खरी तारीख लिहायला लावली, आणि सोबत माझ्या हाताने मराठीत पत्र जोडले. जुना दाखला माझ्या अक्षरात आहे, साल चुकीचे आहे, ते पाटलांकडून मी वदवून घेतले, असे स्वच्छ लिहिले. आत्या, तुझी अब्रू मी काढते आहे असे समजू नकोस. दीड वर्ष तू तिच्या शेजारी झोपलीस, याहून चोख दाखला कुठल्या पाटलाकडे नव्हता. हे त्यांना कळले पाहिजे.

सायली घाबरली, म्हणाली, "आजी, ह्यानं माझी केस लटकेल." लटकली नाही. तिचा कागद आला. सुरेख आहे, जाड आहे, वर गरुड आहे. ती आनंदाने नाचली आणि मीही पेढे वाटले. पण माझ्या पत्राला उत्तर नाही. सायली म्हणते, कागद दिला, तेच उत्तर. मी आयुष्यभर व्यापार केला आहे. एका गिऱ्हाईकाला माल दिला म्हणून दुसऱ्याचा दाबलेला माल परत केला असे होत नाही.

म्हणून हे प्रकरण छापून मी पुन्हा पाठवणार आहे, त्या छापील नकारासकट. त्या टेबलामागच्या खुर्चीवर आज जो कोणी बसत असेल, त्याने मला लेखी सांगावे. त्या नोव्हेंबरात महाडच्या एका ओट्यावर एक बिनलग्नाची मुलगी वाल सोलत बसली होती. तिच्याकडून तुम्ही त्या दिवशी काय काढून घेतलेत? तिचे नाव घालून लिहा, एल्झे. आणि ती मागायला आली तेव्हा काहीच घेतले नाही असे सांगितलेत, ते चूक होते की नाही, हेही लिहा. खाली सही हवी, शिक्का नुसता चालणार नाही. शिक्के कसे मारून घेतात, ते मला ठाऊक आहे.